बाहेरच्या लाईनवरची पंचवीस मिनिटं

एक

बापूराव चांदोरकर स्वतःच्याच रेल्वेच्या मधोमध मेले, आणि कडी बाहेरून लावलेली होती.

ती कडी काढणारा पहिला हात भीमराव मेश्रामांचा. रविवारी सकाळी साडेअकराला. आणि ज्याचा हात पहिला, तोच चोर, तोच खुनी, हे शोधून काढायला आपल्याकडे फारशी अक्कल लागत नाही. त्यात तो हात कामगाराचा असला, भंडाऱ्याहून आलेला असला आणि आडनाव मेश्राम असलं की तपास आणखी सोपा होतो.

कर्वेनगरात मधुमालती सोसायटीच्या तळघरात बापूरावांच्या मालकीचा हॉल. हॉलभर एक टेबल, छातीएवढं उंच. त्याच्यावर डोंगर, बोगदे, स्टेशनं आणि बोटाएवढ्या रुंद रुळांवर धावणारी छोटी रेल्वे. टेबलाच्या पोटात चौकोनी खड्डा. त्या खड्ड्यात उभं राहून गाड्या चालवायच्या. शाळेची पोरं टेबलाखालून रांगत आत शिरायची म्हणून खालून सगळीकडे प्लायवूड ठोकलेलं. आत जायला एकच वाट: बिजागरीवर उचलता येणारा टेबलाचा दोन फुटी तुकडा. त्याला सगळे 'पूल' म्हणत. पूल खाली पाडला की रूळ जुळतात आणि गाडी चालते. कडी पुलाच्या बाहेरच्या अंगाला, आतून हात पोचणार नाही अशी. माणूस आत असताना तिला हात लावायचा नाही, असं भिंतीवर बापूरावांच्या अक्षरात लिहिलेलं होतं.

बापूराव शहात्तर वर्षांचे. दोन्ही गुडघे गेलेले. मधुमेह. इन्सुलिन घेऊन, न खाता, सकाळीच हॉलवर आलेले. डबा, मोबाइल आणि ग्लुकोजच्या गोळ्या पिशवीत, पिशवी बाहेर खुंटीला. खड्ड्यातून खुंटी दिसते. हात पोचत नाही.

डॉक्टर म्हणाले, साखर उतरली. अकराच्या सुमारास गेले.

सोमवारी दुपारी बाराला सब-इन्स्पेक्टर श्यामला गवारे यांनी हॉलचं सील काढलं आणि भीमरावांना समोर उभं केलं.

"कडी तुम्ही काढलीत?"

"हो."

"म्हणजे ठसे तुमचेच मिळणार."

"कडी काढायला बोटंच लागतात मॅडम."

बाईंनी मान वर केली. "जा आत. कसे पडले होते, दाखवा."

भीमराव आत गेले. गाड्यांचा वेग कमीजास्त करायच्या रेग्युलेटरखालच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. वळून पाहतात तो बाईंनी पूल खाली पाडला आणि खट्कन कडी सरकवली.

"थांबा तिथंच. बाकीच्यांशी बोलून घेते."

"मॅडम, मी पळून जाणारा माणूस नाही."

"मग आत थांबायला हरकत नसावी."

भीमरावांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. बारा दहा. चौकी अजून लांब होती, पण आत घालून झालं होतं.

दोन

एकसष्ट वर्षांच्या माणसाला ते टेबल चढून ओलांडता आलं असतं. पण ओलांडायचं म्हणजे रुळांवर गुडघा ठेवायचा. ते रूळ भीमरावांनी स्वतः वाकवलेले. भोसरीच्या कारखान्यात चौतीस वर्षं फिटर म्हणून घालवल्यावर, बिबवेवाडीहून दोन बस बदलून ते नऊ वर्षं इथं येत होते. पगारी नव्हे, हौसेनं. छोट्या रेल्वेच्या हौशी मंडळाच्या वहीत मात्र त्यांच्या नावापुढे 'मदतनीस' लिहिलेलं.

चारी बाजूंनी रूळ आणि मधे आपण. काल बापूराव याच जागी उभे होते. ओरडले असतील. तळघर, ओढलेलं शटर, वर रविवारच्या सकाळचे टीव्ही. कोण ऐकणार?

खड्ड्याभोवती तीन लाईनी होत्या, एकीबाहेर एक. पाहुण्यांसाठी पाट्या: बाहेरची जर्मन सिल्व्हर, मधली पोलाद, आतली पितळ. हा बापूरावांचा प्रयोग. पंधरा ऑगस्टपासून दसऱ्यापर्यंत एकही लाईन पुसायची नाही, एकही गाडी सोडायची नाही. आणि दसऱ्यानंतरच्या रविवारी, म्हणजे काल, संध्याकाळी पाच वाजता, सगळ्या सभासदांसमोर इंजिनं लावायची. कोणता धातू पुण्याचा पावसाळा सोसतो, एकदाचं बघू.

या पाट्यांवर बापूरावांचा राग होता. लोक आधी पाटी वाचतात आणि मग म्हणतात, वा, जर्मन सिल्व्हर आहे ना, बघा किती स्मूथ! "नावातल्या सिल्व्हरला भुलतात हे, भीमराव. चांदीचा कण नाही त्यात. तांबं, जस्त, निकेल. डोळ्यांनी कुणी बघतच नाही."

जुलैत चार दिवस शटर ओढून दोघांनी रुळांचं काम केलं होतं. काय केलं, ते बापूरावांनी बाहेर बोलू दिलं नाही. सभासदांना पाच वाजता सांगू, म्हणाले होते.

तीनही लाईनींवर आता एकच इंजिन उभं होतं. निळं, बाहेरच्या लाईनवर. बाकी दोन अजून खोक्यात.

बापूरावांचा पुतण्या तेजस समोर येऊन बसला. एकोणतीस वर्षांचा, बाणेरला आयटीत.

"शटरबाहेरच्या कॅमेऱ्यात तुम्ही साडेनऊला आत, नऊ पन्नासला बाहेर," बाई म्हणाल्या. "भांडलात?"

"ऑनेस्टली सांगतो मॅडम, हो. रिडेव्हलपमेंटवरून. बेचाळीसपैकी एक्केचाळीस सह्या झाल्यात, काकाची एकच राहिलीय. मी म्हटलं, या खेळण्यांसाठी तू अख्ख्या बिल्डिंगला अडकवून ठेवलंयस. तो म्हणाला, मी गेल्यावर हॉल तुझाच आहे, तेव्हा कर सही. तोवर थांब."

"म्हणजे त्यांच्या जाण्यानं फायदा तुमचा."

तेजसचा चेहरा उतरला. "हो. पण कडी मी लावलेली नाही. मी निघालो तेव्हा पूल खाली होता, कडी उघडी. गाडी चालू कर की, निदान बघून जातो, असंही म्हटलं. तर म्हणाला, पाचच्या आधी एक चाकही फिरणार नाही."

"मग कडी कुणी लावली?"

तेजसनं खड्ड्याकडे पाहिलं. भीमरावांशी नजर मिळताच त्यानं मान खाली घातली.

"मला काय माहीत. हॉलची किल्ली काकाशिवाय आम्हा तिघांकडेच असते."

तीन

तिसरी किल्ली दत्तप्रसाद रिसबूड यांच्याकडे. सोसायटीचे चेअरमन, मंडळाचे सचिव, आणि मिळेल त्या माइकसमोर भाषण करणारे. रूळ कधी हातात धरलेला नाही, पण रुळांवर तासभर बोलतील.

"आपण बसा ना मॅडम," ते म्हणाले, जणू हॉल त्यांचाच. "मी सव्वादहाला आलो. बापूराव आत, पूल खाली, कडी उघडी. मला पाहून म्हणाले, ये दत्ता, गंमत दाखवतो. आणि गाडी सोडली."

"पाचच्या आधी सोडणार नव्हते म्हणे."

"अहो, लहान मुलासारखे होते ते. धीर कुठला! म्हणाले, बघ, जर्मन सिल्व्हर, दोन महिने फडका लावलेला नाही, तरी कशी चालतेय. आणि ते शास्त्रालाही धरूनच आहे. पितळेवर थर चढतो, त्यातून वीज जात नाही, गाडी ठप्प. पोलाद पावसाळ्यात गंजतं. जर्मन सिल्व्हर काळवंडलं तरी गाडी अडत नाही. मी वीस-बावीस मिनिटं बघत उभा होतो. इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता." त्यांनी चष्मा काढून पुसला. "दहा चाळीसला निघालो. हात हलवून निरोप दिला त्यांनी. तेव्हाही कडी उघडीच."

"त्यानंतर?"

"त्यानंतर कॅमेऱ्यात एकच माणूस आत येताना दिसतो, मॅडम. साडेअकराला." खड्ड्याकडे न बघता ते हळू आवाजात म्हणाले, "मी बापूरावांना किती वेळा सांगितलं होतं, किल्ली कुणाच्याही हातात देऊ नका. कुठून येतात, कसे असतात, आपल्याला काय माहीत?"

"डॉक्टर म्हणतात अकराच्या सुमारास गेले. हे आले साडेअकराला."

"सुमारास म्हणजे अर्धा तास इकडेतिकडे होतोच की. आणि साडेअकराला आल्यावर यांनी आरडाओरडा कधी केला? अकरा पन्नासला. वीस मिनिटं काय करत होते आत?"

वीस मिनिटं भीमराव बापूरावांच्या जिभेखाली ग्लुकोज चोळत होते, छाती दाबत होते, तळघरात रेंज नसलेल्या फोनवर एकशेआठ लावत होते. ते कुणी पाहिलेलं नव्हतं.

श्यामलाबाईंनी वही मिटली. "मेश्राम, दोन वाजता पोलिसांची गाडी येईल. घरी कुणाला कळवायचं असेल तर नंबर सांगा."

चार

त्याच वेळी भीमरावांना ते दिसलं.

टेबल छातीएवढं. जरा वाकलं की डोळे रुळांच्या पातळीला येतात. तळघराच्या झरोक्यातून दुपारचं ऊन तिरपं पडलं होतं, तिन्ही लाईनींवरून सरपटत गेलेलं. रुळांच्या बाजू गंजाच्या रंगानं रंगवलेल्या असतात, खरी आगगाडी वाटावी म्हणून. धातू उघडा राहतो तो फक्त माथ्यावर, दोऱ्याएवढा. बाहेर उभ्या माणसाला तो दोरा दिसतही नाही.

भीमरावांना दिसत होता. आणि दत्तप्रसादांनी आत्ता काय सांगितलं, तेही त्यांना पुरतं कळलं होतं.

ओरडून सांगावं असं वाटलं. पण ओरडले असते तर काय झालं असतं? दत्तप्रसाद म्हणाले असते, छे, माझी नजर चुकली असेल. गोष्ट बदलली असती. इस्त्रीच्या कपड्यातल्या माणसाला गोष्ट बदलायची मुभा असते. आत कोंडलेल्या माणसानं एक शब्द बदलला तर तो गुन्हा ठरतो.

"मॅडम," ते शांतपणे म्हणाले, "घरचा नंबर नंतर देतो. आधी एक विचारा यांना. गाडी नक्की कुठल्या लाईनवर होती?"

"आता तपास तुम्ही करणार?"

"नाही जी. तुम्हीच करा. फक्त उत्तर लिहून घ्या आणि सही घ्या."

दत्तप्रसाद हसले. "विचारा ना मॅडम, त्यांचंही समाधान होऊ दे. बाहेरची लाईन." ते टेबलाशी गेले, काठावर तळवा टेकला. "इथं उभा होतो मी. हातभर अंतरावरून जात होती गाडी. हेच निळं इंजिन. बाकी दोन्ही लाईनी रिकाम्या. आणखी काही?"

"नक्की?"

"मॅडम, मी चेअरमन आहे, शाळकरी पोरगा नव्हे."

त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि ऐटीत सही ठोकली.

भीमराव खड्ड्यात सरळ उभे राहिले. "आता मॅडम, मोबाइलची बॅटरी लावा आणि इथं आत या. कुठंही हात लावण्याआधी डोळे रुळांना समांतर करून बघा."

पाच

श्यामलाबाईंनी कडी काढली, आत आल्या, पूल पुन्हा खाली पाडला. मग थबकल्या. कडी बाहेर राहिली होती. दत्तप्रसादही बाहेरच होते. बाईंचा हात नकळत पुलावर गेला.

"शिंदे," त्यांनी हवालदाराला हाक मारली, "इथं उभे राहा. कडीला कुणी हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा."

भीमरावांनी ते पाहिलं. आपण आत आणि कडी बाहेर म्हणजे काय, ते दोन श्वासांत बाईंना कळलं होतं. भीमरावांना ते दीड तासात कुणी विचारलं नव्हतं.

बाई वाकल्या. बॅटरीचा झोत आडवा टाकला.

"धूळ आहे."

"कुठं तुटलीय का बघा. इंजिनाचं चाक एकदा जरी फिरलं तरी माथ्यावर चकाकणारी रेघ उठते. वीस मिनिटं फिरलं तर आरशासारखी."

बाईंनी तिन्ही लाईनींवर झोत फिरवला. सावकाश, कोपऱ्याकोपऱ्यातून. धुळीचा पापुद्रा सगळीकडे सलग होता. त्यांनी फोटो काढले, एकामागून एक.

"हॉल कालपासून सील आहे. एका रात्रीत इतकी धूळ बसत नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "पण हे म्हणतील, धूळ तर धूळ. गाडी चालली होती."

"मग चालवून बघा. बाहेरची लाईन, पहिलं बटण. तुम्हीच फिरवा, मी हात मागे बांधतो."

बाईंनी रेग्युलेटर फिरवला. निळं इंजिन ढिम्म. पूर्ण फिरवला. नुसता दिवा लुकलुकला आणि गेला.

"बिघडलं असेल!" दत्तप्रसाद बाहेरून म्हणाले.

"तेच इंजिन उचलून आतल्या लाईनवर ठेवा," भीमराव म्हणाले. "तिसरं बटण."

बाईंनी ठेवलं, बटण फिरवलं. इंजिन एकदा अडखळलं आणि निघालं. वळणावरून, बोगद्यातून, परत समोर. मागे धुळीत बारीक चकचकीत रेघ सोडत.

"पण आतली तर पितळ आहे," तेजस पुढे सरकत म्हणाला. "पितळ कसं चाललं?"

"पाटी पितळेची आहे." भीमरावांनी खिशातलं खोडरबर काढून बाईंच्या हातात दिलं. रूळ घासायला ते कायम जवळ असायचं. "आता बाहेरचा रूळ घासा. बोटभर."

बाईंनी घासलं. तपकिरी माथ्याखालून पिवळाधमक धातू वर आला. घरातल्या समईसारखा पिवळा.



"जुलैत आम्ही लाईनी बदलल्या," भीमराव म्हणाले. "पितळ बाहेर, जर्मन सिल्व्हर आत. पाट्या तशाच ठेवल्या. बापूरावांना बघायचं होतं, सभासद डोळ्यांनी बघतात की पाटी वाचून बोलतात. पाच वाजता सगळ्यांसमोर बाहेरचं इंजिन सुरू करायचं, ते हलणारच नाही, आणि मग खरं सांगायचं. म्हणून इंजिन बाहेर लावून ठेवलेलं. हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं." ते दत्तप्रसादांकडे वळले. "रिसबूडसाहेब, तुम्ही सांगितलेलं शास्त्र शंभर टक्के बरोबर आहे. पितळेवर गाडी ठप्प होते. तुम्ही तुमची गाडी पितळेवर चालवलीत."

सहा

"नजर चुकली असेल," दत्तप्रसाद म्हणाले. "आतलीच असेल लाईन."

"आतल्या लाईनवरची रेघ मी आत्ता माझ्या हातानं पाडलीय. त्याआधीचे फोटो आहेत." श्यामलाबाई खड्ड्यातून बाहेर आल्या. "गाडी चाललीच नाही. कुठल्याच लाईनवर नाही. मग आनंदी चेहरा, हात हलवून निरोप, हे सगळं कशाला रचलंत? दहा चाळीसला बापूराव खुशाल होते आणि कडी उघडी होती, हे ज्याला पटवून द्यायचंय, तोच असली गाडी सोडतो. कॅमेऱ्यात तुम्ही पंचवीस मिनिटं आत आहात. गाडी नव्हती. मग पंचवीस मिनिटं बघत काय होतात?"

दत्तप्रसादांनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत.

"रिसबूडकाका," तेजस त्यांच्याकडे वळला. "तुम्ही मला पावणेअकराला फोन केला होता. म्हणालात, आता बापूराव ऐकतील, काळजी करू नकोस. मला वाटलं तुम्ही समजावलंत त्याला."

"समजावतच होतो!" दत्तप्रसाद एकदम ओरडले. "दोन वर्षं समजावतोय! एक्केचाळीस घरं एका म्हाताऱ्याच्या खेळण्यापायी अडून बसलीत. मी फक्त कडी लावली. पुलावर कागद ठेवला, हेच पेन ठेवलं. म्हटलं, सही करा, लगेच काढतो."

"आणि ते?"

"पिशवी दे म्हणाले. म्हटलं, आधी सही. घाम आला होता त्यांना, हात थरथरत होते. मला वाटलं, नाटक करतायत. भाषणात माझी चेष्टा करायचे ना, तसं."

"मग?"

"मग खाली बसले. दिसेनासे झाले. मी कागद उचलला."

"कडी न काढता?"



"वाटलं, तासाभरात मेश्राम येईलच."

भीमरावांनी पुलाचा काठ घट्ट धरला. येईलच. येईल, कडी काढेल, म्हातारा वाचला तर ठीक. नाही वाचला तर कडीवर बोटं मेश्रामची. दोन्हीकडून या माणसाचं भागत होतं, आणि हे त्यानं तिथं उभ्याउभ्या ठरवलं होतं. पंचवीस मिनिटं पुरेशी असतात.

हवालदार दत्तप्रसादांना घेऊन जिना चढले. दत्तप्रसादांनी जाताना रुमाल मागितला, तेजसनं दिला नाही.

श्यामलाबाईंनी पूल उचलून धरला. "या बाहेर मेश्राम. तुमचा जबाब लिहिलाय. सही करा आणि जा घरी."

भीमराव बाहेर आले. कागद घेतला, चष्मा लावला, सगळा वाचला. कडी काढली ते होतं. खोडरबर होतं. लाईनी बदलल्या, तेही होतं.

"एक राहिलं," ते म्हणाले.

"काय?"

"मला कोंडलंत ते. सोमवार, दुपारी बारा दहा ते एक पन्नास. ज्या खड्ड्यात माणूस मेला त्याच खड्ड्यात, बाहेरून कडी लावून. कागद नाही, वॉरंट नाही."

"मेश्राम, ते तपासाचा भाग होतं. आणि त्यामुळेच तर तुम्हाला रूळ दिसले."

"रूळ मला नऊ वर्षं दिसतायत. रिसबूडसाहेबांना पाणी विचारलंत तुम्ही. खुर्ची दिलीत. मला कडी लावलीत. का लावलीत, ते लिहू नका, ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. फक्त लावलीत, एवढं लिहा."

वरच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर तीन शिट्ट्या देऊन थांबला.

"नाही लिहिलं तर?"

"तर मी बसतो इथं. सही करत नाही. मला घाई नाही."

बाईंनी कागद पुढे ओढला. पेनाचं टोपण काढलं. एक ओळ लिहिली, थांबल्या, वेळ लिहिली, खाली स्वतःची सही केली आणि कागद वळवून त्यांच्याकडे सरकवला.

भीमरावांनी ती ओळ दोनदा वाचली. मग पूर्ण नाव लिहून सही केली आणि घरी निघाले.